व्यायामाला व्हर्च्युअल जोडीदार: पडद्यावरचा सोबती खरंच जास्त घाम गाळायला लावतो का?

पावसाळा लागला की खारघरच्या सेंट्रल पार्कमधली सकाळची गर्दी रोडावते. खारघर हिलच्या चढावर सायकल मारणारेही घरीच थांबतात. मग ट्रेडमिल किंवा घरातली सायकल सुरू होते, आणि दहाव्या मिनिटाला कंटाळा येतो. व्हर्च्युअल जोडीदार कामाला येतो तो इथेच.

हा प्रकार काय आहे?

पडद्यावर किंवा व्हीआर हेडसेटमध्ये कुणीतरी तुमच्यासोबत व्यायाम करत असतं. ती दुसऱ्या शहरातली खरी व्यक्ती असेल किंवा निव्वळ सॉफ्टवेअर. झ्विफ्टवर 'रोबोपेसर' ठरलेल्या वेगाने सायकल चालवतो, तुम्ही त्याला धरून राहायचं. तुमची सायकल स्मार्ट ट्रेनरवर लावलेली असेल तर पडद्यावर चढ आला की पेडलही जड होतं.

२०२० मध्ये कोरोनामुळे 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत रद्द झाली आणि तिची व्हर्च्युअल आवृत्ती झाली. भारतीय लष्करातले लेफ्टनंट कर्नल भरत पन्नू अमेरिकेला न जाता, एका जागी उभ्या सायकलवर, १२ दिवसांत ४,००० किलोमीटरहून जास्त अंतर कापून तिसरे आले.

यामागचं शास्त्र

१९२० च्या दशकात जर्मनीत ऑटो कोहलर यांनी नौकानयन क्लबच्या सदस्यांना आधी एकट्याने आणि मग जोडीने वजन उचलायला लावलं. जोडीत जो कमी ताकदीचा, तो एकट्यापेक्षा जास्त वेळ टिकला. 'माझ्यामुळे जोडी हरायला नको' ही भावना आणि शेजाऱ्याशी होणारी तुलना, या दोन गोष्टी त्याला रेटत होत्या. याला कोहलर इफेक्ट म्हणतात.

२०११ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत डेबोरा फेल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी हेच व्हिडिओ गेमवर तपासलं. पडद्यावरच्या सरस जोडीदारासोबत प्लँकसारखे व्यायाम करणारे लोक एकट्यांपेक्षा सुमारे २४ टक्के जास्त वेळ टिकले. काही जोड्यांसाठी नियम असा होता की जो आधी थांबेल, त्याचीच वेळ जोडीची वेळ धरायची.

पुढच्या प्रयोगात जोडीदार सॉफ्टवेअरचा होता. फायदा झाला, पण खऱ्या माणसाइतका नाही.

मग जोडीदार कसा निवडाल?

- थोडाच सरस हवा. फार पुढचा असला की आपण नाद सोडतो, बरोबरीचा असला की जोर लागत नाही.
- जबाबदारी वाटू द्या. नुसत्या स्पर्धेपेक्षा 'दोघांचं मिळून एक लक्ष्य' ठेवा.
- शक्यतो ओळखीचा माणूस घ्या. पुण्यातला भाऊ व्हिडिओ कॉलवर असला तरी चालतं.

हेडसेट घ्यायलाच हवा का?

नाही. व्हीआरमध्ये लक्ष दमण्यावरून समोरच्या दृश्याकडे वळतं, हे खरं. पण डोळ्यांना वेग दिसतो आणि शरीराला तो जाणवत नाही, त्यामुळे काहींना मळमळतं. ट्रेडमिलवर हेडसेट घालणं तर धोक्याचंच, कारण पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. सुरुवातीला मोबाईल किंवा टीव्ही पुरे. गार्मिनच्या अनेक घड्याळांत 'व्हर्च्युअल पार्टनर' असतोच. त्याचा वेग तुमच्या नेहमीच्या वेगापेक्षा किंचित जास्त ठेवा.

एक मात्र लक्षात ठेवा. पडद्यावरचा जोडीदार दमत नाही, तुम्ही दमता. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर जोडी मोडली तरी चालेल, लगेच थांबा.