थंडीतली स्पोर्ट्स कार

जर्मनीत नोव्हेंबरच्या सकाळी पोर्श ९११ बाहेर काढण्याआधी पारा बघावा. साधारण ७ अंशांच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक होत जातं. स्पोर्ट्स कारच्या टायरचं तर अंमळ जास्तच, त्यामुळे कोरड्या रस्त्यावरही पकड कमी होते. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. त्याच्या नक्षीवर नख फिरवा. ब्लेडने ओढल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा लागतील. बर्फावर खरं काम त्याच करतात.

विकत घेताना टायरच्या बाजूवर तीन शिखरं आणि हिमकण असलेलं चिन्ह शोधा. १ ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनीत नुसती ‘एम+एस’ ही अक्षरं हिवाळी टायर म्हणून चालत नाहीत.

आपली ९११ मागच्या चाकांवर चालणारी आहे म्हणून मागचे दोनच बदलायचे, ही काटकसर अंगाशी येते. वळणावर पुढची चाकं ऐकतच नाहीत. चारही बदला. कंपनीने मान्य केलेली एक इंच लहान रिम मिळाली तर उत्तम: टायरची भिंत उंच होते, खड्ड्यात रिम वाचते. हिवाळी टायरची वेगमर्यादा गाडीच्या कमाल वेगापेक्षा कमी असली तरी चालते, मात्र चालकाला दिसेल असं स्टिकर लावावं लागतं. टायरवरचं ‘व्ही’ म्हणजे ताशी २४० किलोमीटर. बर्फात त्याहून जोरात कुणाला जायचंय?

कायद्याला खाचांची १.६ मिलिमीटर खोली पुरते, बर्फाला नाही. २ युरोचं नाणं खाचेत उभं धरा. चंदेरी कडा पूर्ण बुडाली नाही, तर टायर बदलायला झाला.