‘असिस्टंट’ म्हणजे कंपाउंडर नव्हे : फिजिशियन असिस्टंटचा अभ्यासक्रम आणि त्यासाठीचे स्थलांतर

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीचा अमेरिकेतून फोन आला. “जयभीम सर, शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रमाणित प्रत हवी होती,” असे तिने सांगितले. पदवी प्रमाणपत्रावरील आणि पासपोर्टवरील तिच्या नावात एका अक्षराचा फरक होता. मूळ नोंद कोणती, हे तिला एका महाविद्यालयास दाखवून द्यायचे होते. दाखला आम्ही आठवड्याभरात पाठविला. परंतु तो कशासाठी हवा आहे, हे ऐकल्यावर जे बोलणे सुरू झाले ते पुढे अनेक महिने चालले. त्या बोलण्यातून आम्हांस जे समजले, ते माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांसमोर ठेवावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

ही मुलगी पाचवीत असताना लोखंडी पेटी घेऊन आपल्या वसतिगृहात आली. पुढे सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. झाली, लग्नानंतर पतीबरोबर न्यू जर्सीला गेली आणि कालांतराने तेथे तिला ग्रीन कार्ड मिळाले. एका वृद्धाश्रमात रुग्णसेविकेचे काम करीत असतानाच तिने फिजिशियन असिस्टंट या अभ्यासक्रमाची तयारी केली. प्रवेश मिळाला तो मात्र दुसऱ्या राज्यात, घरापासून विमानाच्या अंतरावर. पतीची नोकरी न्यू जर्सीत आणि मुलगा आठ वर्षांचा.

तिचे वडील शासकीय रुग्णालयात वॉर्डबॉय होते. बातमी कळल्यावर ते शाळेत येऊन आम्हांस म्हणाले, “सर, मी जन्मभर डॉक्टरांच्या हाताखाली राहिलो. पोरीला शिकविली ती साहेब होण्यासाठी. एवढा खर्च करून, घर सोडून ती पुन्हा असिस्टंटच होणार? म्हणजे कंपाउंडरच ना?”

हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या वाट्याला हाताखालची कामे आली, त्या समाजात ‘सहायक’ हा शब्द टोचणारच. म्हणून आधी त्या शब्दाचाच इतिहास पाहू.

नावामागचा इतिहास

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात गार्लंड नावाचे लहानसे गाव आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास तेथे डॉ. एमॉस जॉन्सन यांचा दवाखाना होता. हेन्री ली ट्रेडवेल हे त्यांचे सहायक. लोक त्यांना ‘बडी’ म्हणत. ट्रेडवेल कृष्णवर्णीय होते आणि तो काळ दक्षिणेकडील राज्यांत कडक वर्णभेदाचा होता. त्यांच्यापाशी वैद्यकाची कोणतीही पदवी नव्हती. डॉक्टरांनी त्यांना हाताशी धरून शिकविले होते आणि डॉक्टर परगावी गेले की दवाखान्याची जबाबदारी ते सांभाळीत.

ड्यूक विद्यापीठातील डॉ. यूजीन स्टेड यांच्यापुढे हे उदाहरण होते. त्या काळी ग्रामीण भागात डॉक्टर मिळत नव्हते. दुसरीकडे सैन्यात जखमींवर उपचार करून आलेल्या अनुभवी वैद्यकीय जवानांना नागरी जीवनात त्या कौशल्याला साजेसे काम नव्हते. स्टेड यांनी या दोन गोष्टींची सांगड घातली. १९६५ साली नौदलातून आलेल्या चार जवानांना घेऊन त्यांनी हा अभ्यासक्रम सुरू केला आणि ६ ऑक्टोबर १९६७ रोजी त्यांपैकी तिघे पदवीधर होऊन बाहेर पडले. १९७० मध्ये जॉइस निकोल्स हा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. त्या कृष्णवर्णीय होत्या आणि त्यापूर्वी परिचारिकेचे काम करीत होत्या. १९६९ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात ‘मेडेक्स’ नावाचा असाच उपक्रम उभा करणारे डॉ. रिचर्ड स्मिथ हेही कृष्णवर्णीय होते. रुग्णालयांतील वर्णभेद मोडून काढण्याच्या सरकारी मोहिमेत त्यांनी आधी काम केले होते.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्यांच्या हातात कौशल्य होते परंतु नावापुढे पदवी नव्हती, त्यांच्या कामाला शिक्षणाची, परीक्षेची आणि परवान्याची जोड मिळाली, तेव्हा हा व्यवसाय जन्मास आला. वॉर्डबॉय आणि कंपाउंडर यांना आपल्याकडे नाकारली गेली ती नेमकी हीच जोड.

‘असिस्टंट’ हा शब्द तेथील लोकांनाही खटकतो. म्हणूनच त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये ‘फिजिशियन असोसिएट’ हे नाव स्वीकारले. कायद्यातील नाव मात्र प्रत्येक राज्याने स्वतंत्रपणे बदलावयाचे असते, त्यामुळे जुने नावही बरेच दिवस कानावर पडत राहील.

काम कोणते?

अमेरिकेत हा पदवीधर रुग्णाची हकीकत विचारतो, त्याला तपासतो, चाचण्या सांगतो, रोगनिदान करतो, उपचार ठरवितो आणि शस्त्रक्रियेत सर्जनला साहाय्य करतो. पन्नासही राज्यांत त्याला औषधे लिहून देण्याचा अधिकार आहे. तो डॉक्टर नव्हे. त्याने डॉक्टरांशी कोणत्या नात्याने काम करावयाचे, हे राज्याराज्यांच्या कायद्यानुसार ठरते. कंपाउंडर मात्र दुसऱ्याने लिहिलेले औषध देतो. वडिलांना आम्ही हे समजावले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “म्हणजे चिठ्ठीवर सही तिची असणार?” आम्ही होय म्हणालो. त्यांना सगळे पटले असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ‘कंपाउंडर’ हा शब्द त्यांनी पुन्हा उच्चारला नाही.

प्रवेश घेण्यापूर्वी

हा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. आधी कोणतीही पदवी हवी आणि शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र हे विषय झालेले हवेत. अनेक महाविद्यालये परदेशात घेतलेले हे विषय ग्राह्य धरीत नाहीत. म्हणूनच आपल्या विद्यार्थिनीला सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी हाती असताना तोच विषय तेथील कम्युनिटी कॉलेजात नव्याने शिकावा लागला. तिला त्याचा राग आला होता. तरीही दोन वर्षे रात्रीचे वर्ग करून तिने ते पूर्ण केले. शिवाय रुग्णांच्या प्रत्यक्ष सेवेचा अनुभव तासांत मोजून मागितला जातो आणि अनेक ठिकाणी ही अट एक हजार तासांची किंवा त्याहून अधिक असते. वृद्धाश्रमात रुग्णांना उचलून बसविण्याचे, त्यांचा रक्तदाब मोजण्याचे जे काम ती पोटासाठी करीत होती, तेच येथे पात्रता म्हणून उपयोगी पडले.

पालकांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. बहुतेक महाविद्यालये अमेरिकेचे नागरिक आणि तेथील कायम रहिवासी यांनाच प्रवेश देतात. विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांना घेणारी थोडीच आहेत. त्यामुळे ‘येथून बी.एस्सी. करून थेट तेथे जाऊ’ असे कोणी सांगत असल्यास त्यावर विसंबू नये. हा मार्ग मुख्यतः तेथे स्थायिक झालेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या मुलामुलींसाठी आहे.

प्रवेशाचे पत्र आले की जागा राखण्यासाठी थोड्याच दिवसांत रक्कम भरावी लागते आणि ती सहसा परत मिळत नाही. ती भरण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. एक, अभ्यासक्रमाला ‘एआरसी-पीए’ या मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता आहे काय आणि ती पूर्ण आहे, तात्पुरती आहे की देखरेखीखाली आहे. मान्यता नसल्यास ‘पॅन्स’ ही राष्ट्रीय परीक्षा देता येत नाही आणि परीक्षेविना परवाना मिळत नाही. दोन, त्या महाविद्यालयाचे किती विद्यार्थी पहिल्याच प्रयत्नात ही परीक्षा उत्तीर्ण होतात. तीन, किती विद्यार्थी अभ्यासक्रम अर्धवट सोडतात. हे आकडे प्रसिद्ध करणे महाविद्यालयांवर बंधनकारक आहे. गावाचे नाव किती मोठे आहे यापेक्षा हे आकडे अधिक बोलके असतात.

घर हलविण्यापूर्वी

अभ्यासक्रम साधारणतः सत्तावीस महिन्यांचा असतो. पहिल्या भागात वर्गातील शिक्षण आणि दुसऱ्या भागात दोन हजारांहून अधिक तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण असते. औषधोपचार, शस्त्रक्रिया, बालरोग, स्त्रीरोग, मनोविकार, आपत्कालीन सेवा अशा विभागांत काही आठवड्यांच्या पाळ्या कराव्या लागतात. ही रुग्णालये महाविद्यालयाच्या गावातच असतील असे नाही. कधी ती शेकडो मैल दूर असतात. म्हणजे स्थलांतर एकदाच करून भागत नाही. घराचा भाडेकरार करताना दुसऱ्या वर्षी काय करावयाचे, हे आधीच महाविद्यालयास विचारून घ्यावे. मोटार आणि वाहन चालविण्याचा परवाना यांवाचून बहुतेक ठिकाणी हे प्रशिक्षण अशक्य असते.

वर्ग सुरू होण्यापूर्वी लसीकरणाचे पुरावे, हृदय बंद पडल्यास करावयाच्या प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र, पोलीस पडताळणी, अमली पदार्थांची चाचणी आणि आरोग्य विमा या बाबींची पूर्तता करावी लागते. येथे आपल्याकडून गेलेल्यांची दोन ठिकाणी अडचण होते. खेड्यात जन्मलेल्यांजवळ लहानपणच्या लसींचा कागद सहसा नसतो. अशा वेळी रक्त तपासून गोवर, कांजिण्या, कावीळ-ब यांची प्रतिकारशक्ती दाखविता येते; ती नसल्यास लस पुन्हा घ्यावी लागते. कावीळ-ब लसीच्या मात्रा काही महिन्यांच्या अंतराने घ्यावयाच्या असल्यामुळे हे काम शेवटच्या आठवड्यावर ठेवून चालत नाही. दुसरी अडचण क्षयरोगाच्या चाचणीची. आपल्याकडे बाळाला बीसीजीची लस देतात. त्यामुळे त्वचेवरील चाचणी क्षयाची लागण नसतानाही सदोष येऊ शकते. अशांनी रक्तावरील ‘इग्रा’ चाचणी मागावी; तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. आपल्या विद्यार्थिनीला हे ठाऊक नव्हते. त्वचेची चाचणी सदोष आली, छातीचा एक्स-रे काढावा लागला आणि तो आठवडा तिने काळजीत काढला.

पैशांचा हिशेब तर आधीच मांडावा. या काळात नोकरी करू नये, असे बहुतेक महाविद्यालये बजावतात आणि अभ्यासाचा भार पाहता ते खरेही आहे. शैक्षणिक शुल्काबरोबर दोन घरांचे भाडे, अनामत रक्कम, विमा, मोटार आणि विमानप्रवास हे सर्व सत्तावीस महिन्यांसाठी धरावे लागते. त्यात परीक्षा व परवाना मिळेपर्यंतचे बिनपगारी महिनेही मिळवावेत. ‘ग्रॅज्युएट प्लस’ हे सरकारी कर्ज २०२५ च्या कायद्याने नव्या कर्जदारांसाठी १ जुलै २०२६ पासून बंद करण्यात आले आहे. म्हणून जुन्या विद्यार्थ्यांनी सांगितलेला हिशेब जसाच्या तसा धरू नये. ‘नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर’ची शिष्यवृत्ती अमेरिकेच्या नागरिकांना मिळते, तिच्या बदल्यात वैद्यकीय सेवांची उणीव असलेल्या भागात किमान दोन वर्षे काम करावे लागते. अशा अटीला बिचकू नये, परंतु ती वाचल्याविना सहीही करू नये. १९१३ साली बाबासाहेब बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा त्यांनीही शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानात नोकरी करण्याचा करार केला होता.

राहिला प्रश्न मुलाचा. तिने आम्हांस विचारले, “सर, त्याला सोबत नेऊ की त्याच्या बाबांजवळ ठेवू?” याचे उत्तर शिक्षकाने देण्याचे नव्हते. आम्ही तिला एवढेच सांगितले, की वसतिगृहात पहिल्या महिन्यात सर्वांत अधिक रडतात ती मुले, ज्यांना घरून ‘दोन दिवसांत न्यायला येतो’ असे खोटे सांगून आणलेले असते. खरे सांगून आणलेली मुलेही रडतात, परंतु लवकर सावरतात. शेवटी मुलगा वडिलांजवळ राहिला. आई किती महिने दूर राहणार आणि कोणत्या सुट्टीत भेटणार, हे त्याला दिनदर्शिकेवर खुणा करून दाखविण्यात आले. वर्ग सुरू होण्यापूर्वी तीन आठवडे ती नव्या गावी गेली. घर, बँक, वाहन परवाना, महाविद्यालयाचा रस्ता या गोष्टी आधी उरकल्यामुळे पहिल्या दिवशी डोक्यात केवळ अभ्यास होता. उरलेल्या दिवसांत तिने शरीररचनाशास्त्राची उजळणी केली.

आपल्याकडील स्थिती

भारतात या शिक्षणाचा प्रारंभ १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने झाला. येथे बारावी विज्ञाननंतर पदवी अभ्यासक्रम असतो. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्य सेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या परिशिष्टात फिजिशियन असोसिएट या व्यवसायाचा समावेश आहे. ही पदवी म्हणजे एम.बी.बी.एस. नव्हे, तिच्या आधारे स्वतःचा दवाखाना थाटता येत नाही आणि अमेरिकेची परीक्षाही देता येत नाही. हे नीट समजून घेतल्यास मोठ्या रुग्णालयांत काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा एक मार्ग आहे. आपल्या एका माजी विद्यार्थ्याने मात्र विद्यापीठाची मान्यता न पाहता एका खासगी संस्थेत याच नावाच्या पदविकेला प्रवेश घेतला. वडिलांनी त्यासाठी अर्धा एकर विकली. दोन वर्षांनी तो कागद कोणत्याही रुग्णालयाने विचारात घेतला नाही. एक प्रश्न आधी विचारला असता तर ते शेत आज त्यांच्याकडे असते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची विनंती आहे. अभ्यासक्रमाच्या नावाने हुरळून जाऊ नका आणि नावाने खचूही नका. त्या शिक्षणाने कोणता अधिकार मिळतो, तो कोणत्या परीक्षेने मिळतो आणि तेथवर पोहोचण्यासाठी किती महिने, किती पैसा व किती दुरावा लागतो, हे कागदावर मांडा. आणि पैसे भरण्यापूर्वी शाळेला कळवा. आपले माजी विद्यार्थी आज अनेक ठिकाणी आहेत. त्यांतील कोणी ना कोणी त्या वाटेने गेलेले असते. दाखल्याची प्रत मागण्यासाठी तुम्ही शाळेची आठवण काढता, तशी सल्ल्यासाठीही काढा.