येनानला गेलेले पाच डॉक्टर

सोलापूरची गाडी खंडाळ्याचा घाट उतरून आपल्या कर्जत स्टेशनात येते. सोलापूरचा एक तरुण मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकला. त्याचे नाव द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

१९३८ साली जपानी आक्रमणाने चीन होरपळत होता. भारत तेव्हा परतंत्र. परदेशांशी स्वतःच्या नावाने बोलण्याचा आपल्याला अधिकारच नव्हता. मग काँग्रेसने लोकांकडून निधी जमवला आणि पाच डॉक्टरांचे पथक पाठवले : अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी, आणि कोटणीस. परराष्ट्र खात्याशिवायचे हे परराष्ट्र धोरण म्हणायचे!

चुंगकिंगला असतानाच कोटणीसांना वडील वारल्याचे कळले. परतण्याची मुभा असूनही ते पुढे गेले. आई घरी असताना हा निर्णय किती अवघड असेल, याचा आपण विचारही करत नाही. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोचले. हा साम्यवाद्यांचा डोंगराळ तळ एकीकडे जपानी फौजा, तर दुसरीकडे पुढे चिनी सरकारचीच नाकेबंदी, अशा कोंडीत सापडला.

पाचांनी चिनी नावे घेतली, प्रत्येकाच्या शेवटी ‘हुआ’, म्हणजे चीन. बाकीचे यथावकाश परतले. कोटणीस मात्र चिनी भाषा शिकले, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, सहकारी परिचारिका कुओ चिंगलान हिच्याशी विवाहबद्ध झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, ते तिथेच वारले. तान्ह्या मुलाचे नाव होते ‘यिनहुआ’ : यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.