पन्नास वर्षांनी जुळलेली बेरीज

4 फेब्रुवारी 1924. फ्रान्समधल्या शामोनी गावाजवळचा बर्फाळ उतार. स्की जंपिंगच्या स्पर्धेत दोन खेळाडूंनी प्रत्येकी दोन उड्या मारल्या. एकाच्या उड्या 49 आणि 50 मीटरच्या होत्या, दुसऱ्याच्या 44 आणि 44.5 मीटरच्या. कांस्यपदक दुसऱ्याला मिळालं. पहिला चौथा आला आणि रिकाम्या हातांनी परतला.

या निकालात दोन गोष्टी मिसळून गेल्या होत्या. लांब उडी मारणारा मागे पडू शकतो हे या खेळाच्या नियमाला धरूनच होतं. बेरजेत मात्र निव्वळ चूक झाली होती. ती उघडकीला यायला पन्नास वर्षं लागली, आणि उघडकीला आणली ती ज्याच्या हातून पदक जाणार होतं त्या देशातल्याच एका अभ्यासकानं. खेळातला न्याय म्हणजे काय, याचं इतकं स्वच्छ उदाहरण माझ्या वाचनात दुसरं नाही.

सप्ताह नावाचे बारा दिवस

आज आपण 1924 च्या शामोनीला पहिलं हिवाळी ऑलिंपिक म्हणतो. तिथे जमलेल्या खेळाडूंना मात्र आपण ऑलिंपिकमध्ये उतरलो आहोत असं कुणी सांगितलं नव्हतं. कार्यक्रमाचं अधिकृत नाव होतं 'आंतरराष्ट्रीय हिवाळी क्रीडा सप्ताह'. नावात सप्ताह असला तरी तो 25 जानेवारी ते 5 फेब्रुवारी असा चांगला बारा दिवस चालला.

नावाच्या या सावधपणामागे राजकारण होतं. बर्फावरच्या खेळांत नॉर्वे आणि स्वीडन सर्वांत पुढे. स्वीडनमध्ये 1901 पासून 'नॉर्डिक खेळ' भरत होते आणि नॉर्वेला आपल्या होल्मेनकोलेनच्या वार्षिक स्पर्धेचा अभिमान होता. बर्फाचे खेळ ऑलिंपिकमध्ये गेले तर आपल्या स्पर्धांचं महत्त्व उरणार नाही, अशी धास्ती या देशांना वाटत होती. शेवटी तोडगा निघाला तो असा, की पॅरिसच्या उन्हाळी ऑलिंपिकच्या वर्षीच फ्रान्सने हा सप्ताह भरवावा आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्याला केवळ आश्रय द्यावा. सप्ताह यशस्वी झाला, विरोध मावळला आणि पुढे समितीने मागे वळून त्यालाच पहिल्या हिवाळी ऑलिंपिकचा दर्जा दिला.

त्याच दिवसांत आणखी एक पायाभरणी झाली. 2 फेब्रुवारी 1924 रोजी 14 देशांच्या प्रतिनिधींनी शामोनीतच आंतरराष्ट्रीय स्की महासंघ स्थापन केला. म्हणजे उड्यांची स्पर्धा झाली तेव्हा या खेळाची जागतिक संघटना अवघी दोन दिवसांची होती. निकालपत्रकाची फेरतपासणी कुणी करायची, चूक सापडली तर दाद कुठे मागायची, ही घडी अजून बसायची होती.

तेलमार्कहून अमेरिकेत

स्कीवरून उडी मारण्याची सर्वांत जुनी नोंद नॉर्वेचीच आहे. 1808 मध्ये ओलाफ रिये नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने सैनिकांसमोर सुमारे साडेनऊ मीटरची उडी मारून दाखवली. पण खेळ म्हणून त्याला रूप आलं ते नॉर्वेच्या तेलमार्क भागात. तिथल्या मोर्गेदाल गावचा गरीब कुळवाडी सोंद्रे नूरहाइम हा त्याचा आद्यपुरुष मानला जातो. टाच नीट धरून ठेवणारे बंध त्याने स्कीला बसवले, त्यामुळे हवेत आणि वळणावर स्की ताब्यात राहू लागल्या. 1868 मध्ये तो राजधानी क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, स्पर्धेला आला आणि त्याने शहरवासीयांना थक्क केलं. 1892 मध्ये होल्मेनकोलेनची स्पर्धा सुरू झाली आणि हा ग्रामीण खेळ राष्ट्राच्या मानाचा विषय बनला.

याच काळात नॉर्वेतून माणसांचे लोंढे अमेरिकेकडे निघाले होते. जमीन थोडी, घरात खाणारी तोंडं जास्त. खुद्द नूरहाइमनेही 1884 मध्ये देश सोडला आणि त्याचा शेवट नॉर्थ डकोटाच्या माळावर झाला. हे लोक जिथे गेले तिथे त्यांनी उड्यांसाठी टेकड्या शोधल्या, लाकडी मचाणं उभारली, क्लब काढले. अमेरिकेची राष्ट्रीय स्की संघटना 1905 मध्ये मिशिगनमधल्या इश्पेमिंग या खाणकामगारांच्या गावात जन्मली, तीही नॉर्वेजियन स्थलांतरितांच्या पुढाकाराने.

आपल्या कथेचा नायक अँडर्स हाऊगेन याच वाटेचा प्रवासी. जन्म 1888, तेलमार्कमधल्या बो गावचा. विशीत असताना भाऊ लार्ससह तो अमेरिकेला गेला. पोटासाठी त्याने गवंडीकाम केलं आणि हिवाळ्यात उड्या मारल्या. 1910 ते 1926 या काळात या दोघा भावांनी मिळून अमेरिकेचं राष्ट्रीय अजिंक्यपद 11 वेळा जिंकलं. कोलोरॅडोतल्या डिलन इथे अँडर्सने 1919 मध्ये 213 फुटांची आणि पुढच्याच वर्षी 214 फुटांची उडी मारली. त्या काळी हे जागतिक विक्रम होते. शामोनीला आला तेव्हा तो अमेरिकेच्या स्की संघाचा कर्णधार होता आणि वय होतं 35.

अंतर आणि शैली

स्की जंपिंगमध्ये सर्वांत लांब उडी मारणारा आपोआप जिंकत नाही. खेळाडू उंचावरच्या धावपट्टीवरून घसरत येतो, कड्यावर नेमक्या क्षणी उसळी घेतो, हवेतून तरंगत खालच्या उतारावर उतरतो. पंच दोन गोष्टी पाहतात. उडी किती लांब गेली, आणि ती कशी मारली. हवेत शरीर स्थिर होतं का, स्की सरळ होत्या का, उतरताना तोल सावरला का? एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले अशा पवित्र्यात उतरणं उत्तम समजलं जातं. त्या पवित्र्याला आजही तेलमार्क असंच म्हणतात.

शैलीच्या गुणांमागे ठोस कारण आहे. नुसत्या अंतराला बक्षीस ठेवलं तर खेळाडू जिवावर उदार होऊन स्वतःला झोकून देतील. ताबा राखणाऱ्याचा मान ठेवला तर खेळही सुंदर राहतो आणि हाडंही शाबूत राहतात. 1924 मध्ये तर याची गरज फारच होती. लाकडी स्की, चामड्याचे पट्टे, अंगात लोकरी स्वेटर आणि डोक्यावर साधी टोपी, एवढ्यावर माणसं पन्नासेक मीटर हवेतून जात होती.

शैलीची कल्पनाही तेव्हा बदलत होती. जुने खेळाडू हवेत ताठ उभे राहत. पहिल्या महायुद्धानंतर याकोब तुलिन थाम्स आणि सिगमुंड रूड या नॉर्वेजियन खेळाडूंनी नवी पद्धत रुळवली. कमरेतून वाकायचं, अंग पुढे झोकायचं, हात पुढे ठेवायचे. नॉर्वेच्या कोंग्सबर्ग गावावरून तिला कोंग्सबर्ग पद्धत म्हणू लागले. पुढे झुकलेल्या शरीराला हवा खालून आधार देते, त्यामुळे उडी लांबते. शामोनीत थाम्स ही पद्धत घेऊन उतरला होता.

निकालाचा दिवस

लेबोसाँ वस्तीजवळच्या उतारावर 9 देशांचे 27 खेळाडू जमले. थाम्सने 49 मीटरच्या दोन देखण्या उड्या मारल्या आणि 20 पैकी 18.960 गुणांनी तो पहिला आला. त्याचाच देशबंधू नार्वे बोन्ना 18.689 गुणांनी दुसरा. तिसऱ्या क्रमांकावर नाव पुकारलं गेलं थोर्लाइफ हाऊग, नॉर्वे, 18.000 गुण. त्याच्या मागे अँडर्स हाऊगेन, अमेरिका, 17.916. पहिल्या तिन्ही जागा नॉर्वेच्या झाल्या.

दोघांची आडनावं फार जवळची असल्यामुळे यापुढे त्यांना थोर्लाइफ आणि अँडर्स असंच म्हणतो.

पदकविजेत्यांपैकी कुणीही 50 मीटर गाठले नव्हते. अँडर्सने ते गाठले. त्याच्या दोन उड्यांची बेरीज 99 मीटर भरते, सुवर्णविजेत्या थाम्सची 98 आणि थोर्लाइफची 88.5. पण पंचांना अँडर्सची शैली भावली नाही आणि तिथे त्याचे गुण कापले गेले. हा त्यांचा अधिकार होता. शैलीबद्दलचं मत कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही, पण ते मत देण्यासाठीच पंच नेमलेले असतात.

चूक घडली ती त्यापुढच्या पायरीवर. पंचांनी दिलेल्या गुणांवरून थोर्लाइफचे अंतिम गुण काढताना हिशेब चुकला. ते 17.821 यायला हवे होते, कागदावर 18.000 पडले. म्हणजे पंचांनी दिलेले गुण जसेच्या तसे धरले, तरी अँडर्स 0.095 ने पुढे होता. कांस्यपदक त्याचंच होतं.

ही चूक कुणाच्या लक्षात का आली नाही? माझ्या मते त्याचं एक कारण खुद्द थोर्लाइफ आहे. त्या सप्ताहात त्याने 50 किलोमीटरची शर्यत जिंकली, 18 किलोमीटरची जिंकली आणि धाव व उडी यांची संयुक्त नॉर्डिक स्पर्धाही जिंकली. 50 किलोमीटरमध्ये आणि संयुक्त स्पर्धेत पहिले चारही क्रमांक नॉर्वेचे होते. अशा माणसाचं नाव उड्यांमध्ये तिसरं आलं तर कुणाला नवल वाटणार? आकडा अपेक्षेशी जुळला की त्याच्याकडे पुन्हा कुणी पाहत नाही.

अर्धशतकानंतर

थाम्स पुढे 1926 मध्ये विश्वविजेता झाला. 1928 च्या सेंट मॉरिट्झ ऑलिंपिकमध्ये त्याने 73 मीटरची अचाट उडी घेतली, पण उताराच्या पलीकडे सपाटीजवळ उतरून तो कोसळला आणि 28 व्या क्रमांकावर गेला. आठ वर्षांनी बर्लिनच्या उन्हाळी ऑलिंपिकमध्ये नौकानयनाचं रौप्यपदक मिळवून त्याने दोन्ही ऋतूंच्या ऑलिंपिकमध्ये पदक मिळवणाऱ्या मोजक्या खेळाडूंत स्थान मिळवलं. थोर्लाइफ 1934 मध्ये न्यूमोनियाने गेला, वय अवघं 40. नॉर्वे त्याला विसरला नाही. 1946 मध्ये द्रामेन शहरात त्याचा पुतळा उभारला गेला. आपल्याकडचं एक पदक आपलं नव्हतं, हे त्याला कधीच कळलं नाही. त्याच्याकडे दोषाचा कणही जात नाही. त्याने उडी मारली आणि जे हाती दिलं गेलं ते स्वीकारलं.

1974 मध्ये शामोनीला पन्नास वर्षं झाली आणि नॉर्वेत 1924 च्या संघाचं स्नेहसंमेलन भरलं. त्या निमित्ताने स्कीचे इतिहासकार याकोब वोगे जुने निकाल चाळत होते. थोर्लाइफच्या गुणांचा हिशेब त्यांना जुळेना. त्यांनी तो पुन्हा मांडला आणि चूक स्पष्ट झाली. वोगेंनी ते झाकून ठेवलं असतं तर जगाला पत्ताही लागला नसता. पदक नॉर्वेचं, खेळाडू नॉर्वेचा लाडका, तोही हयात नाही, आणि लाभ होणार तो परक्या देशाला. तरीही त्यांनी चूक जाहीर केली. ऑलिंपिक समितीने पडताळणी करून निकाल दुरुस्त केला.

अँडर्स तेव्हा हयात होता. त्याला ऑस्लोला बोलावण्यात आलं. 1974 च्या सप्टेंबरात, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, ज्या देशातून तो पोटासाठी निघाला होता त्याच देशात त्याला कांस्यपदक मिळालं. ते त्याच्या हाती दिलं थोर्लाइफच्या धाकट्या मुलीने. वडिलांच्या कीर्तीचा एक तुकडा खऱ्या मालकाला सोपवायला ती स्वतः पुढे आली, या गोष्टीपुढे मला त्या सप्ताहातले सगळे विक्रम लहान वाटतात. 14 एप्रिल 1984 रोजी कॅलिफोर्नियात अँडर्सचं निधन झालं. अख्ख्या विसाव्या शतकात स्की जंपिंगमध्ये अमेरिकेला मिळालेलं हे एकमेव ऑलिंपिक पदक.

दुरुस्तीची मर्यादा आणि मोल

1974 ची दुरुस्ती मला योग्य वाटते ती तिच्या मर्यादेमुळेही. अँडर्सची उडी सर्वांत लांब होती म्हणून त्याला सुवर्ण द्या, असं कुणी म्हटलं नाही. शैलीच्या गुणांना कुणी हात लावला नाही. डोळ्यांसमोर घडलेल्या उडीवर पंचांनी दिलेलं मत पन्नास वर्षांनी बदलणं म्हणजे दुसरा अन्याय झाला असता. हिशेबाला मात्र मुदत नसते. तो 1924 मध्ये चुकला होता, तर 1974 मध्येही चुकलेलाच होता.

त्यानंतर खेळाने स्वतःभोवती बरीच तटबंदी उभारली. आज मोठ्या स्पर्धांत पाच पंच प्रत्येकी 20 पैकी गुण देतात, त्यांतले सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळले जातात. उतारावर ठरलेल्या रेषेपर्यंत पोचलं की अंतराचे 60 गुण, पुढे प्रत्येक मीटरला जादा, मागे पडल्यास वजा. वारा साथीला होता की विरोधात, याचाही हिशेब गुणांत धरतात. हे सगळं संगणक क्षणात मांडतो. पण संगणकात घातलेला आकडा बरोबर आहे का, हे अखेर माणसालाच पाहावं लागतं.

वोगेंना चूक शोधता आली, कारण त्या दिवसाचे आकडे कुणीतरी जपून ठेवले होते. आपल्याकडे गावोगावी कबड्डी, खो-खो, कुस्तीच्या स्पर्धा होतात, शालेय मैदानी सामने होतात. बक्षीस समारंभ संपला की गुणपत्रकं बहुधा रद्दीत जातात. स्पर्धा भरवणाऱ्या प्रत्येक मंडळाला, शाळेला आणि संघटनेला माझी विनंती आहे: करंडकाइतकीच ती पत्रकं जपा, हरलेल्या खेळाडूला ती पाहायला द्या, आणि चूक सापडली तर किती वर्षं लोटली ते न मोजता ती दुरुस्त करा.