११,४५३ पैकी ३९

२०२१च्या उन्हाळ्यात ‘दोन्ही डोस घेऊनही झालाच ना!’ हे वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर रोज फिरत होतं. किती जणांपैकी किती जणांना कोरोना झाला, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नव्हतं.

इस्रायलमधल्या शेबा मेडिकल सेंटरने ते मोजलं. तिथल्या ११,४५३ कर्मचाऱ्यांचे फायझरचे दोन्ही डोस झाले होते. जानेवारी ते एप्रिल या काळात त्यातल्या १,४९७ जणांची आरटी-पीसीआर झाली आणि बाधित निघाले ३९. हजारी साडेतीनसुद्धा नाहीत! आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात मात्र दोन डोस झालेल्या ७,०८० जणांपैकी ६७९ जणांना लागण झाली. हजारी ९६, म्हणजे शेबाच्या अठ्ठावीस पट. अर्थात ही तुलना सरळ नाही. वेल्लोरमध्ये बहुतेकांना कोव्हिशील्ड दिली होती आणि मोजणी चालली ती ऐन दुसऱ्या लाटेत, देशात दिवसाला चार लाखांवर रुग्ण सापडत असताना.

सरकारने लसीकरणाच्या पहिल्या टप्प्यात सुमारे एक कोटी आरोग्य कर्मचारी धरले होते. वेल्लोरचा दर त्यांना सरसकट लावला, तर आकडा होतो ९ लाख ६० हजार. एवढ्यावर मथळा छापला की घबराट पसरलीच. पण त्या ६७९ पैकी इस्पितळात भरती झाले ६४, ऑक्सिजन लागला चौघांना, आयसीयूत गेले दोघं. साथ सुरू झाल्यापासून त्या संस्थेतला एकच कर्मचारी दगावला होता आणि त्याने लस घेतलेली नव्हती.

मग लस घेतलेल्यांना विषाणूने गाठलं कुठे? कुणीही म्हणेल, कोविड वॉर्डात. पण शेबात ३७ जणांच्या बाबतीत माग लागला, तो वेगळाच. सगळ्यांना लस न घेतलेल्या माणसाकडूनच लागण झाली असावी आणि त्यातल्या २१ जणांच्या बाबतीत हा माणूस घरातलाच होता. दोन जोडपी तर अशी, की नवरा-बायको दोघंही शेबातच कामाला आणि दोघांनाही लागण झाली ती बहुधा स्वतःच्या लेकराकडून. घरात पीपीई किट घालून कोण वावरतं?

दुसरं कारण रक्तात होतं. विषाणूला निष्प्रभ करणाऱ्या अँटीबॉडीज बाधितांमध्ये इतरांच्या तुलनेत जेमतेम ३६ टक्के भरल्या.

मग या बाधितांच्या अंगात विषाणू होता तरी किती? पीसीआरचं यंत्र दर फेरीला नमुन्यातला विषाणूचा अंश दुप्पट करतं. तीस फेऱ्यांत एकाचे १०७ कोटी होतात. त्याआधीच विषाणू दिसला, तर तो मुळात भरपूर आहे असं धरतात. ३९ पैकी २९ जणांच्या बाबतीत तसंच घडलं, पण रॅपिड अँटिजेन चाचणीत त्यातले सतराच सापडले. उरलेले बारा जण नुसत्या रॅपिडच्या भरवशावर निर्धास्त ड्युटीला गेले असते. एवढं असूनही या ३९ जणांकडून पुढे कुणाला लागण झाल्याची एकही नोंद शेबात झाली नाही.