दोन कडुनिंब आणि मुलांची संध्याकाळ

मी बडोद्याहून बोलतोय. तीन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलं की आवारातले दोन मोठे कडुनिंब काढायचे, पेव्हर ब्लॉक बसवायचे आणि पार्किंगला जागा करायची. मीही हात वर केला. पुढच्या मे महिन्यात लक्षात आलं, पाच वाजता खाली उतरणारी मुलं आता साडेसातपर्यंत घरातच बसतात, मोबाईल घेऊन. माझी मुलगीही.

असं का झालं? झाड दोन कामं करतं. एक, सावली. ऊन जमिनीपर्यंत पोचूच देत नाही. दुसरं, मुळांनी ओढलेलं पाणी पानांतून वाफ होऊन जातं आणि भोवतालची उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी याच कारणाने गार होतं. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता खर्ची पडते. सिमेंट आणि डांबराचं उलट. दिवसभर ऊन साठवायचं आणि रात्री सोडत राहायचं. नुसती हिरवळ झाडाची जागा घेत नाही, कारण तिला सावली नसते.

लहान मुलांना उन्हाचा त्रास लवकर होतो. वजनाच्या मानाने त्यांच्या अंगाचा पृष्ठभाग मोठा, घाम कमी, आणि खेळाच्या नादात तहानेचं भान नसतं.

प्रश्न फक्त उन्हाचा नाही. बार्सिलोनातल्या ३६ प्राथमिक शाळांमधल्या सुमारे २,६०० मुलांचा वर्षभर अभ्यास झाला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेत आणि शाळेभोवती हिरवाई जास्त, तिथल्या मुलांच्या कार्यकारी स्मृतीत, म्हणजे माहिती डोक्यात धरून तिच्यावर काम करण्याच्या क्षमतेत, जास्त वाढ दिसली. यातला बराच भाग वाहनांचं प्रदूषण कमी असण्याशी जोडलेला होता.

आमच्याकडे सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये उभारलेली कमाटी बाग आहे. रविवारी आम्ही जातो. पण मुलांना खेळायला रोज लागतं, तेही हाकेच्या अंतरावर.

यंदा आम्ही चार ब्लॉक उखडून कडुनिंबाची दोन रोपं लावली. त्यांची सावली पडेल तेव्हा माझी मुलगी कॉलेजात असेल. म्हणून सांगतो, तुमच्या सोसायटीत असा ठराव आला, तर हात वर करण्याआधी एकदा दुपारी त्या झाडाखाली उभे राहा.