पहाटेचा आकडा

शेततळ्यातला प्राणवायू मोजायचा तर उजाडायच्या आत तळ्यावर हजर असावं लागतं. रात्रभर शेवाळ आणि मासे दोघेही तो वापरतात, बनवत कोणीच नाही. म्हणून पहाटे तो सर्वांत कमी. संगमनेरच्या पठार भागात एका डाळिंबवाल्याच्या तळ्यावर आम्ही अंधारातच पोचलो. तळं बागेसाठी, प्लास्टिकचा कागद अंथरलेलं. रोहू-कटला सोडलेत ते जोडधंदा म्हणून. पाणी हिरवंगार. मालक त्यावर खूश, मी नाही.

यंत्र हातात मावणारं, त्याला लांब केबल, टोकाला सेन्सर. सेन्सरच्या टोपीत एका रंगद्रव्याचा पातळ थर असतो. आतून निळा प्रकाश पडला की थर लाल उजळतो. पण प्राणवायूचा रेणू येऊन धडकला की रंगद्रव्यातली ऊर्जा काढून घेतो आणि लाली लवकर मावळते. प्राणवायू जास्त, तर लालीचं आयुष्य कमी. यंत्र मोजतं ते हे आयुष्य, सेकंदाच्या दशलक्षांश भागांत. लाली किती प्रखर आहे यावर ते विसंबत नाही, त्यामुळे वापरून थर थोडा फिका झाला तरी आकडा फारसा ढळत नाही. प्राणवायू रंगद्रव्यांची चमक विझवतो, हे हान्स कॉट्स्की या जर्मन रसायनज्ञाने 1930च्या दशकातच दाखवलं होतं.

जुन्या पद्धतीचं इलेक्ट्रोड मोजता मोजता स्वतःच प्राणवायू खातं, त्यामुळे पाण्यात सारखं हलवत राहावं लागतं. विंकलरची 1888ची रासायनिक पद्धत आजही कसोटीची मानतात. पण आम्लाच्या बाटल्या सांभाळत निसरड्या प्लास्टिकवर उतरायची हौस मला उरलेली नाही.

सेन्सरला मात्र उंची सांगावी लागते. समुद्रसपाटीला 25 अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. सहा-सातशे मीटरवर हवेचा दाब कमी, म्हणून साडेसात-पावणेआठच. दाबाचा आकडा भरला, ओल्या स्पंजच्या कपात टोपी ठेवून शंभर टक्क्यांची खूण पक्की केली आणि केबल सोडली.

वरच्या थरात तीनच्या आसपास. हातभर खाली दोन. तळाशी एकाच्याही आत. माशांसाठी पाचच्या वर असलेला बरा.

“सर, काल दुपारी एकांनी मोजला तर बारा आला होता,” मालक म्हणाले.

दोन्ही आकडे खरे. उन्हात शेवाळ इतका प्राणवायू सोडतं की पाण्यात मावतो त्याहून जास्त साठतो. दुपारचा बारा पाहून निर्धास्त होणाऱ्याचं तळं पहाटे दगा देतं. मला तर दुपारचा फुगलेला आकडाच धोक्याची घंटा वाटतो.

“एरेटर कधी लावता, दादा?”

“दुपारीच. लाइट तेव्हा असते ना.”

म्हणजे वरचं पाणी आधीच भरून वाहतंय, त्या वेळी फवारा! जादाचा प्राणवायू त्याने उलट हवेत जातो. खालचं पाणी थोडं ढवळलं जातं, एवढाच फायदा. शेतीची लाइट पाळीने येते, त्यामुळे त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. रात्रीची पाळी असेल तेव्हा मध्यरात्रीनंतर एरेटर चालवायचा, खाद्य काही दिवस बंद ठेवायचं आणि ठिबकसाठी पाणी तळाजवळून ओढायचं, असं ठरलं.

“फुटबॉल खाली सोडायचा म्हणजे गाळ येणार, फिल्टर रोज धुवावा लागंल,” ते म्हणाले. फुटबॉल म्हणजे पंपाच्या नळीचा फूटव्हॉल्व्ह. मग ते त्याचा दोर सोडायला गेले.